बांधालगतचा लव्हाळा

भाऊजी,

आईला दवाखान्यात न्यायचंय, म्हणून दोन दिवस माहेरी जाते आहे. जेवण झाकून ठेवलंय.

गुरांसाठी पेरलेल्या माझ्या बरसीममध्ये बांधाकडेला जे उगवलंय, ते साधं गवत नाही. दांडी बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतील. लव्हाळा आहे तो. उपटू नका, पात तुटून हातात येते आणि गाठी खाली राहतात. रोटाव्हेटर तर मुळीच घालू नका, रानभर होईल. खुरप्याने खोल खणून गाठी पोत्यात भरा, उकिरड्यावर टाकू नका.

तुम्ही म्हणालात, वाऱ्याने आला असेल. अहो, लव्हाळा असा वाऱ्यावर येत नाही, मातीतल्या गाठींबरोबर येतो. तसली माती फक्त तुमच्या वाटणीत आहे. आणि उगवलाय माझ्या बाजूला, दोन हात रुंद, सरळ पट्ट्यात. बांध तुम्ही मागच्याच महिन्यात नव्याने घातलात, तुमच्याकडची माती ओढून, माझ्या रानात सरकवून.

तुमच्या दादांना काही बोलले नाही. धाकट्या भावाबद्दल असं ऐकलं तर त्यांना घास उतरायचा नाही.

परवा आले की दोरी धरून मोजणार आहे. तोवर बांध जुन्या जागी गेलेला दिसला, तर दोरी काढणारच नाही.

— वहिनी