डाव्या अंगठ्याची सवय

प्रिय ठोंब्या,

पत्र बघून आधी घाबरशील, म्हणून सांगते, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझी भाची माझ्याहून उंच झाली आहे आणि त्याचा तिला फारच तोरा आहे. फोनच करणार होते. पण फोनवर मी 'अरे' म्हणते न म्हणते तोच तुझं 'अगं ताई' सुरू होतं आणि माझं बोलणं राहूनच जातं. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. बायकोला वाचायला देऊ नकोस, आधी एकट्याने वाच.

बातमी अशी की बर्गरच्या दुकानांत राबणाऱ्यांचा किमान पगार वाढवायचा की नाही, हे ठरवायला सरकारने समिती नेमली आहे. पुढच्या गुरुवारी सकाळी सुनावणी आहे. आमच्यातले सहा जण बोलणार आहेत आणि त्यांत मी आहे. हस खुशाल. शाळेत नुसतं उभं केलं तरी मी पाठ केलेलं सगळं विसरायचे, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत? आमचा मालक वाईट माणूस नाही. गर्दी झाली की स्वतः टोपी घालून बन भाजायला उभा राहतो. त्याचं म्हणणं, पगार वाढवला तर बर्गर महाग होईल, गिऱ्हाईक तुटेल आणि मग माणसं कमी करावी लागतील. तो खोटं बोलत नाही, घाबरला आहे. आम्हीही घाबरलोय. पण एका दुकानातल्या पगारात घर चालत नाही म्हणून आमच्यातले निम्मेअधिक दोन दुकानांत काम करतात, सकाळी लाल टोपी आणि संध्याकाळी निळी. एका कामात भागावं एवढंच आमचं मागणं आहे.

आमच्या कामगार संघटनेच्या बाईंनी आमची तयारी करून घेतली. मी भाड्याचं सांगितलं, तेलाने भाजलेले हात दाखवले. बाई म्हणाल्या, हे सगळेच सांगणार आहेत, तुमचं स्वतःचं काही असेल तर ते सांगा. माझं स्वतःचं आहे, पण ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

तुला तो ट्रकचा किस्सा आठवतो? बसमध्ये मी उभ्या उभ्या पेंगत होते. बाहेर कुठलासा ट्रक पीं पीं करत मागे येत होता, आणि मी डोळे मिटूनच हात पुढे करून समोरच्या गृहस्थांच्या पोटावरचं शर्टाचं बटण दाबलं. तू तर फोनवर ठसका लागेपर्यंत हसला होतास. बाबाही हसले होते. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस, पण बसमध्ये असलं काही त्यांनीही पाहिलं नव्हतं. आमच्याकडे फ्रायरचं, म्हणजे बटाटे तळायच्या यंत्राचं, असंच असतं. टोपली तेलात सोडली की थोड्या वेळाने यंत्र बोंबलायला लागतं. उजव्या हाताने टोपली उचलायची आणि डाव्या अंगठ्याने बटण दाबून आवाज बंद करायचा, न बघता. दिवसातून शेकडो वेळा. पहिल्या महिन्यात हे शिकावं लागतं, नंतर हात आपोआप करतो.

बाबा दवाखान्यात होते ते नऊ दिवस तुला माहीतच आहेत. तुला रजा मिळत नव्हती, आणि मिळाली तेव्हा उशीर झाला होता. त्याबद्दल मी तुला कधी बोल लावला नाही आणि आजही लावत नाही. मला माझीच रजा परवडत नव्हती. गैरहजर राहिलं की तेवढा पगार तर जायचाच, वर पुढच्या आठवड्याची शिफ्टही दुसऱ्याला मिळायची. म्हणून लाल टोपी दुपारी उतरवायची, दवाखान्यात जायचं, आणि तिथूनच निळी टोपी घालायला निघायचं. मधले दोन तास बाबांचे. मी आत आले की ते डोळे न उघडता म्हणायचे, तळण आलं. माझ्या केसांना वास यायचा ना.

त्यांच्या बोटाला चिमटा लावला होता आणि उशाशी ऑक्सिजन कमी झाला की वाजणारं यंत्र होतं. सिस्टरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हे वाजलं की मला हाक मारायची, स्वतः हात लावायचा नाही. नवव्या दिवशी दुपारी मी स्टुलावर बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि तशीच झोपले. यंत्र वाजलं असणार. मला ते दुकानातलं वाटलं. एवढंच आठवतं की मनात आलं, फ्राइज झाल्या. जाग आली ती फेरीवर आलेल्या सिस्टरच्या धावपळीने. यंत्र गप्प होतं, त्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि माझा डावा अंगठा बटणावर होता. किती वेळ होता, मला माहीत नाही. मी हात मागे घेतला, आणि तो कोणी पाहिला नाही.

डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं थकली होती, आज ना उद्या हे होणारच होतं. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. यंत्र वेळेवर ऐकलं असतं तर काय झालं असतं, हे विचारण्याची हिंमत मला झाली नाही. आणि तू आल्यापासून एकच म्हणतोस, ताई, तू होतीस म्हणून शेवटी बाबांजवळ आपलं माणूस जागं होतं. घरी आलेल्या प्रत्येकाला तू हे सांगितलंस. अजून दर फोनला सांगतोस. दीड वर्ष मी ते ऐकून घेतलं, रे. मी जागी नव्हते.

तुला वाटेल, ताई आपली चूक पगारावर ढकलते आहे. मलाही कधी कधी तसंच वाटतं. अंगठा माझाच होता, आणि हे मी तिथेही म्हणणार आहे. पण एकच टोपी असती तर त्या दुपारी मी झोप झालेली बाई असते, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी मी सांगणार आहे. दुकानातली नवी मुलगी परवा टेबल पुसताना उभ्याने झोपली आणि हात मात्र पुसतच राहिला, ते बघून मी ठरवलं.

सुनावणीला वार्ताहर असतील. दुसऱ्या दिवशी ते छापून येईल आणि तुझ्या हातात चहाबरोबर पडेल. तुला ते तिथे कळू नये म्हणून हे पत्र. बोलणाऱ्याला घरचं एक माणूस शेजारी बसवता येतं. अर्जावर मी तुझं नाव लिहिलं आहे. तुला विचारलं नाही, कारण विचारायला तोंड नव्हतं. नाही आलास तर मी समजून घेईन, आणि खुर्ची रिकामी ठेवूनच बोलेन. आलास तर माझ्या डाव्या बाजूला बस, आणि मी बोलत असेन तोवर तो हात धरून ठेव.

रागावलास तरी तुझीच,
ताई