गाळलेलं वाक्य

दिनांक ९, रविवार, सकाळ

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद नेहमीइतकेच. तू रागावलास म्हणून त्यात कपात केलेली नाही.

इकडे सगळं ठीक आहे. वाचनालयात तू बसवून दिलेली मांडणी दणकट आहे, फक्त वरच्या फळीला माझा हात पोचत नाही, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं आणि तू तेव्हाच ऐकलं नव्हतंस. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. पुस्तकांवरचे क्रमांक वाचायला मला दोनदा वाकावं लागतं. तुझा खोकला कसा आहे? भुशात काम करताना तोंडाला फडकं बांधतोस की नाही? बांधत नसशीलच.

तुझं खरमरीत पत्र मंगळवारी मिळालं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्रानेच उत्तर देते. चार दिवस लिहायला बसते आणि उठते. नमनाला घडाभर तेल जातंय, हे मलाही कळतं.

तू लिहिलंस, ‘भिंगरी गुरुवारी जाणार, तर जाऊ दे. मी येणार नाही. तिला कोणी फितवलं ते मला ठाऊक आहे.’ तुझी लेक माझ्याकडे राहून ज्यांच्याकडे गाडी शिकली, त्या रुग्णवाहिकेच्या मुख्य ड्रायव्हरवर तुझा संशय, म्हणजे ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात त्यांच्यावर. गेल्या महिन्यात तू त्यांच्या गॅरेजात जाऊन चारचौघांत त्यांना नाही नाही ते बोललास. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि मान खाली घालून ऐकून घेतलं. तू परत गेल्यावर ते माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाले, “ताई, बापाचं काळीज आहे, चालायचंच. पण मी त्या पोरीला सैन्यात जा असं एका शब्दाने म्हणालो नाही.”

मला ते आधीच माहीत होतं. तरी मी त्यांना चहा दिला आणि गप्प बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि चोराने संन्याशालाच चहा पाजला.

आता लिहितेच.

आमच्या वाचनालयातल्या वादसभा तुला माहीत आहेत. तू एकदा आला होतास आणि दुसऱ्याच भाषणात घोरायला लागला होतास. सभेआधी प्रत्येक श्रोता आपलं मत चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकतो, भाषणं ऐकून झाली की पुन्हा टाकतो, आणि मी दोन्ही वेळच्या चिठ्ठ्या मोजते. कोणी कुठली बाजू मांडायची हेही चिठ्ठी काढून ठरतं. म्हणून एक नियम आहे, मीच बावीस वर्षांपूर्वी केलेला. वक्त्याने उभं राहून पहिलं वाक्य हेच म्हणायचं: ‘ही बाजू मला चिठ्ठीने मिळाली आहे.’ मग पुढे काय हवं ते बोला.

युद्ध सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी आम्ही तोच विषय ठेवला होता, युद्धात उतरावं की नाही. हॉल गच्च भरला, लोक जिन्यात बसले. ‘युद्ध नको’ ही बाजू निघाली समोरच्या औषधवाल्यांच्या नावावर. ते तर सकाळी दुकान उघडल्यापासून युद्धच मागत होते. ‘युद्ध हवं’ ही बाजू माझ्या वाट्याला आली. माझं मत तुला ठाऊक आहे. मुंगी मारायलाही मी दुसऱ्याला बोलावते.

औषधवाले उभे राहिले आणि म्हणाले, “ही बाजू मला चिठ्ठीने मिळाली आहे. माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका.” लोक हसले. आणि मग हा माणूस असा काही बोलला की माझ्या मनातलं सगळं, मला कधी जमलं नाही इतक्या नेटकेपणाने, त्याने मांडलं. टाळ्या थांबेनात. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. बावीस वर्षं मी या सभा चालवते, आणि हा पुड्या बांधणारा गृहस्थ माझ्यादेखत माझीच बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडतो, या विचाराने मी पेटले.

मी उठले आणि ते वाक्य म्हटलं नाही. विसरले असं कालपर्यंत स्वतःला सांगत होते. विसरले नव्हते. ते म्हटलं असतं तर माझ्या बोलण्याची धार गेली असती, आणि मला जिंकायचं होतं. मी म्हणाले, “आपण शांततावादी आहोत म्हणतो. पण वेळ आली तर लढायला कोणीतरी जाणार, आणि ते कोणीतरी दुसऱ्याच्या घरातलं असणार, एवढ्याच खात्रीवर आपली शांतता उभी आहे.” जिन्यातले लोक उठून दारात आले. मला फार बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

चिठ्ठ्या मोजल्या. आधी युद्ध हवं म्हणणारे अठ्ठेचाळीस, नको म्हणणारे एकाहत्तर. नंतर एकोणपन्नास आणि सत्तर. दोन तास घसा कोरडा करून एक चिठ्ठी फिरली होती. औषधवाले म्हणाले, “पालथ्या घड्यावर पाणी. ती एकसुद्धा कोणाची तरी लिहायची चूक असेल.” आम्ही दोघं खूप हसलो. बाजार हलवावा का, शाळेची वेळ बदलावी का, अशा विषयांवर वीस-पंचवीस चिठ्ठ्या सहज फिरतात. युद्धाच्या बाबतीत मात्र लोक आपलंच मत जरा चांगल्या शब्दांत ऐकायला येतात आणि ते घेऊन घरी जातात, असं मी तेव्हा म्हणाले होते. थोडी खंतावूनच म्हणाले होते. पुढे युद्ध सुरू झालं ते आमच्या चिठ्ठ्या न विचारताच.

ती एक चिठ्ठी भिंगरीची होती.

हे मला महिनाभरापूर्वी कळलं, तिने सैन्याच्या गाड्या चालवायला नाव दिलं त्या दिवशी. मी ओरडले तेव्हा ती म्हणाली, “अगं आत्या, तूच तर म्हणालीस. तू उगाच कधी काही बोलत नाहीस.” तू आलास, उस्तादांना बोललास, परत गेलास, आणि मी तोंड उघडलं नाही.

परवा दुपारी अखेर मी तिला समोर बसवून सांगितलं. बाजू चिठ्ठीने आली होती, मी ते बोलले नाही, ते माझं मत नव्हतंच. मला वाटलं, ती रडेल, चिडेल, नाव मागे घेईल. ती बुटांना पॉलिश करत होती. ब्रश खाली न ठेवता म्हणाली, “बरं. मग तू बोललीस त्यातलं खोटं काय होतं, ते सांग.”

मी तासभर सांगत होते. औषधवाल्यांचे सगळे मुद्दे वापरले. ती ऐकत राहिली, मध्ये उठून मला पाणीही दिलं. शेवटी म्हणाली, “हे सगळं खरं असेल. पण तुला आणि बाबांना आत्ता एवढंच हवंय ना, की माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाची तरी मुलगी जावी?”

खरं सांगते, धाकट्या. मला तेच हवंय. आत्ता या क्षणीही तेच हवंय, आणि त्याची मला लाज वाटत नाही. तुलाही तेच हवं आहे, म्हणून तर तू इतका चिडला आहेस.

उस्तादांकडे काल जाऊन आले. त्यांना सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तुझ्या वतीने मागितलेली नाही, ती तुझी तू माग.

आता राहिला तुझा निकाल. तो माझ्याबद्दल काय लागायचा तो लागो, मी मान्य करीन. पण त्यात तिला गोवू नकोस. ती दिवसातून चार वेळा विचारते, “बाबांचं काही आलं?” आणि मी पोस्टावर खापर फोडते.

गुरुवारी सकाळी आठला त्यांची गाडी निघते. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. बुधवारी दुपारच्या बसने निघालास तर संध्याकाळी पोचशील. माझं तोंड पाहायचं नसेल तर मी बुधवारी औषधवाल्यांच्या घरी राहायला जाते, त्यांच्या बायकोशी बोलून ठेवलं आहे. घरात तुम्ही दोघंच असाल.

तिला समजवायला येऊ नकोस. समजावून काय होतं ते मी पाहिलं. काही न बोलता तिच्या शेजारी बस, तिची पिशवी उचल, एवढं पुरे.

उत्तर लिहू नकोस, तूच ये.

जिला अजून ताई म्हणावंसं वाटलं तर म्हण,
ती तुझी थोरली बहीण