अकराचा पाना

बाबा,

तुमच्या पश्चात मी एक अविवेक केला आहे. मोटार घेतली. विलायती, दोन आसनी, छप्परविरहित, वयाने माझ्याहून चार वर्षे ज्येष्ठ. मालेगावच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात तिच्यावर कोंबड्यांचे निर्वेध राज्य होते. त्यांना पदच्युत करून मी ती टेम्पोत चढवून नाशकात आणली. ‘चौघे मावत नाहीत ते वाहन कसले,’ हे तुमचे सूत्र मला स्मरते. हिच्यात दोघे मावतात, तेही परस्परांत सौहार्द असेल तर. माझ्या लिपिकी वेतनात परदेशी सुटे भाग बसत नाहीत, त्यामुळे जीर्णोद्धार रविवारच्या रविवारी चालतो. आईने मात्र गाडी दारात येताच फर्मावले, “खंडेनवमीला हिची पूजा करू. आणि यंदा यांची हत्यारांची पेटी माळ्यावरून खाली आण, गाडीशेजारी ठेवू.” तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

कारण निवेदन करतो. पावसाळ्यात ब्रेकची नळी गळू लागली. द्वारका चौकातले मोटार मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, गाडीखाली शिरले आणि तिथूनच गरजले, “साहेब, हा नट इंचातला हाय. मिलिमीटरवाला अकराचा पाना बसत नाय, बाराचा नुसता फिरतो. जोर केला तर गोल होऊन जाईल. तुमचे वालिद टर्नर होते ना? त्यांचे इंची पाने असतील की घरात.”

“होते. सापडत नाहीत,” मी म्हणालो.

सत्य असे की तुमच्या तेराव्यानंतरच्या आठवड्यात मी ती पेटी रिकामी केली. इंची पाने, गेज, कानशी, ज्यांच्यावर तुम्ही आपले आद्याक्षर ठोकून ठेवले होते ते सारे भंगारवाल्याच्या तराजूत गेले. हल्ली हे कोण वापरतो, असा युक्तिवाद मी स्वतःशीच केला आणि जिंकलो. पेटी तेवढी कुलूप लावून माळ्यावर ठेवली. दर खंडेनवमीला आई हार देते. गुडघ्यांमुळे तिला शिडी चढवत नाही. मी वर जातो, रिकाम्या पत्र्याला हार घालतो आणि गंभीर मुद्रेने खाली उतरतो. नऊ वर्षे हा विधी यथासांग चालू आहे.

“मग अकराचा पाना घासा,” चाचा म्हणाले. “केसभरच. घाई केली तर बाराचा होईल, मग बसा बोंबलत.”

घासताना दहावीची सुटी समोर उभी राहते. ओट्याच्या कडेला तुम्ही व्हाइस आवळला आहे, आई पोळ्या लाटते आहे, माझ्या हाती कानस आणि लोखंडाचा ओबडधोबड ठोकळा. “पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. करवत चालवतोस का, गाढवा?” तिसऱ्या दिवशी मी वाचनालयात पलायन केले. परतलो तेव्हा तुम्ही तो ठोकळा सोडवून फडक्याने पुसत होता. ते पुसणे मला ‘गाढवा’पेक्षा अधिक लागले.

या वेळी पळालो नाही. दोन रविवार घासले. पाना बसला, नट सुटला, ब्रेक लागला. “बापाचा हात हाय साहेब,” चाचा म्हणाले, आणि ही प्रशस्ती मी निर्लज्जपणे स्वीकारली.

आज सकाळी पेटी खाली आणली. अगदीच निःशब्द राहू नये म्हणून तो घासलेला एक पाना आत टाकला होता. किल्ली हरवल्याचेही सांगून झाले. आईने हळदकुंकू वाहिले आणि कडी धरून पेटी जराशी हलवली. आत एकच आवाज झाला.

“बाकीचे कुणाला देऊन टाकलेस होय? बरं केलंस. कुणाच्या तरी हातात चालत असतील.”

मी ‘हो’ म्हणालो. बाबा, खरे तिला सांगायला हवे होते. तुम्हाला लिहितो आहे, कारण हे पत्र पोहोचण्याची भीती नाही.