उजव्या बाजूची अमरावती

४ जानेवारी २०२५, शनिवार
नाही म्हणजे नाही! अकोल्याची ऑर्डर मी सोडणार नाही. एकवीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली, आता कुठे पर्यवेक्षिका केलंय. आणि सूर्यभान म्हणतात, "तुले धड जवाहर गेटवरून घरी येता येत नाही, अकोल्याले कशी फिरशीन?" (तोंडावर नवऱ्याला 'अहो' म्हणते. इथे नावच लिहिणार.) नणंद जमुनाताई हसल्या. ते जास्त लागलं.

होकार दहा तारखेपर्यंत द्यायचा आहे. तोवर अख्खं शहर पायी पाहणार — वेशी, परकोटाची जुनी भिंत, चर्च, सगळं. एकटी! नकाशा मीच काढलाय, पोषण आहाराच्या तक्त्यामागे.

५ जानेवारी
सूर्यभानांनी स्कूटर काढली. "बस मांगं, दहा मिनिटांत दाखवून आनतो सारं." नाही बसले.

अंबागेटपासून परकोटाच्या कडेकडेने निघाले. भिंतीला घरं अशी बिलगलीत की भिंत कुठली नि स्वयंपाकघर कुठलं, कळेना. एकाच गल्लीत तिसऱ्यांदा शिरले तेव्हा रडूच येणार होतं. ओट्यावर बसून पाणी प्यायले, पुन्हा निघाले.

६ जानेवारी
जवाहर गेटजवळ बांगड्यांचं दुकान आहे. मी कधी पाहिलंच नव्हतं! दुकानातली खुर्शीदबी म्हणाली, "अवो बाई, तुमी त दर शनिवारी इथून जाता. तुमची पाठ ओळखतो मी."

पाठ! साडी नेसून स्कूटरवर एका अंगाने बसायचं, तोंड डावीकडे. येताना गर्दी नको म्हणून सूर्यभान बाहेरच्या रस्त्याने आणतात. म्हणजे लग्नापासून तेवीस वर्षं मी अर्धंच गाव पाहिलं! राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग. हिरव्या बांगड्या भरून घेतल्या.

८ जानेवारी
कॅम्पातलं चर्च. उजव्या हाताला — अर्थात! आत एक बाई बाकं पुसत होत्या. "बसा ना," म्हणाल्या. बसले. कोणी हॉर्न वाजवला नाही.

घरी सांगितलं, चर्चला आता निळा रंग दिलाय. "पांढरं हाय थे! रोज जातो मी तिथून. तू दुसरीकडंच गेली असशीन." अडूनच बसले. हरणं म्हणून सोसत नाही या माणसाला. स्कूटरचा उजवा आरसा महिन्यात दोनदा फुटला, तेव्हाही दोष ऑटोवाल्याचाच.

९ जानेवारी
सगळ्या वेशी झाल्या. होकार ऑफिसात नेऊन दिला. पायी!

१० जानेवारी
त्यांना ओढतच नेलं — बघा म्हटलं, निळं की पांढरं! फाटकाशी पोचलो, तरी हे आपले सरळ पुढेच चालले. "कुठं हाय चर्च?" मला थट्टा वाटली. खांद्याला धरून उजवीकडे वळवलं. मान पुरती वळवून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "निळं हाय."

मी जिंकले होते. घरी येताच डॉक्टरांची वेळ घेतली.

११ जानेवारी
डोळ्यांच्या डॉक्टरांनी यांचा डावा डोळा झाकला. उजव्याने एकही बोट दिसलं नाही. दोन वर्षांपासून! "सांगतलं असतं त तू गाडी बंद केली असती," म्हणाले. "अन् तू अकोल्याले गेल्यावर मी काय करू?"

होकार परत घेणार नाही. स्कूटरची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. अकोल्याला दोघं जाऊ. चालताना उजवीकडे मी.