'हं' म्हणायचं नाही

बाबा,

दवाखान्यातून फोन आला होता. तुम्ही घोरत होतात, म्हणून निरोप मीच घेतला. गालातला तो पांढरा चट्टा कॅन्सरचा नाही! तंबाखू कायमची सुटली, तर चट्टाही हळूहळू जाईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आई आधी रडली, मग हसली आणि आता सगळ्या गल्लीला सांगत सुटली आहे. तिला आवरायला मी मागोमाग निघालोय.

दुपारी लोहारकाका येतील आणि प्रेमाने डबी पुढे करतील. गावात बोलणं सुरूच तसं होतं. पण तुम्ही सवयीने 'हं' म्हणू नका. तोंड कायम भरलेलं, म्हणून आजवर तुम्ही सगळ्यालाच 'हं' म्हणत आलात, आणि आम्हाला वाटायचं की तुमचा स्वभावच अबोल आहे. मी एकदा गमतीत विचारलं होतं, "बाबा, गाढव घेऊ का?" त्या 'हं'चं फळ अजून अंगणात उभं आहे. त्याला पाणी दाखवा.

तुमची डबी फळीवरच आहे, पण तिच्यात मी खिळे भरलेत. चिमूट तोंडात टाकण्याआधी आपण सुतार आहोत हे आठवा.

काकांना 'नको' म्हणून झालं, की दारात येऊन आईला नावाने हाक मारा. तिला वाटतं, तुम्ही तिचं नाव विसरलात. मी पैजेवर सांगितलंय की तुम्हाला आठवतं. माझी इज्जत आता तुमच्या तोंडी आहे.

तुमचा थोरला
(धाकटं अंगणात आहे.)