फळ्यावरचं हिरवं नाव

प्रिय हिरवी,

हे नाव तुला आपल्या प्रयोगशाळेनं ठेवलं, फळ्यावर तू नेहमी हिरव्या पेनानं लिहितेस म्हणून. आज मला त्या फळ्याबद्दलच लिहायचंय. तू मुलाखतीच्या तयारीसाठी रजेवर आहेस, तुझं डोकं शांत राहायला हवं, सगळं कळतं मला. तरी लिहितेय. सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. आमच्या घरातले म्हणतात, मुलाखत तिची आणि येरझाऱ्या तुझ्या. म्हणू देत. 

सोमवारी अकराला समिती बसणार. तुला कायम करायचं की निरोप द्यायचा, ते तिथंच ठरणार. प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून मलाही दहा मिनिटं बोलायचंय. काल तुझी फाइल माझ्याकडे आली. समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, दोन वर्षांत मोठ्या मायक्रोस्कोपवर एकदाही स्वतंत्र काम नाही, उमेद कमी वाटते. उमेद कमी! तुझी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तणतणत पान उलटलं, तर पुढे माझाच वार्षिक अहवाल. शांत, कष्टाळू, झेपेल तेवढंच अंगावर घेते. मी हे कौतुक म्हणून लिहिलं होतं गं.

दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस तुला नीटसा आठवत नसेल, मला मात्र मिनिटामिनिटानं आठवतो. मायक्रोस्कोपच्या खोलीत काळोख, दार आतून बंद, आणि नशीब की त्या दिवशी मी तुझ्यासोबत होते. तुला फिट आली. तुझं डोकं मांडीवर घेऊन मी घड्याळाकडे बघत बसले होते. शुद्धीवर आल्यावर तू पहिलं काय म्हणालीस, तर ताई, कुणाला सांगू नका. मी शब्द दिला आणि पाळला. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनानं एकच धोशा लावला, ही पोर त्या खोलीत एकटी असली आणि पुन्हा तसंच झालं तर?

आता ऐक. रागव, पण शेवटपर्यंत वाच. आपल्याकडची पद्धत तुला ठाऊकच आहे. शुक्रवारी जाताना ज्यानं त्यानं फळ्यावर आपलं नाव आणि मोठ्या मायक्रोस्कोपवर हवी ती वेळ लिहायची आणि सोमवारी नऊला, खोल्यांच्या किल्ल्या सांभाळणारे आपले किल्लीकाका ती वहीत उतरवून घेणार. मी सोमवारी पावणेनऊला यायचे. बाई किती वक्तशीर, असं सगळे म्हणायचे. कसली वक्तशीर! तुझं नाव पुसायला यायचे मी.

पहिले काही महिने दर आठवड्याला. तू माझ्याकडेच तक्रार घेऊन आलीस, आणि मी साळसूदपणे म्हणाले, बघते हं. तू जुन्या, छोट्या मायक्रोस्कोपवर निमूट काम करत राहिलीस. मग एका शुक्रवारी तू नाव लिहिलंच नाहीस. मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. घरी जाऊन शांत झोपले. आज त्या झोपेची लाज वाटते.

आणि किल्लीकाका! तू त्यांना सगळ्यांसमोर फाडफाड बोललीस, मुद्दाम माझंच नाव गाळता म्हणून. त्यांनी एकदा मला हातात डस्टर घेऊन फळ्यापाशी उभी पाहिलं होतं. तरी तोंडातून चकार शब्द काढला नाही. मीही मूग गिळून बसले. आज दुपारी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, माझी कसली मागता, तिची मागा.

काल मी तळमजल्यावरच्या साहाय्य कक्षात गेले. तोच कक्ष, ज्याच्या भित्तिपत्रकावर 'अडचण सांगा, वाट काढू' अशी मोठ्या अक्षरांतली ओळ मीच सुचवली होती. माझ्या ओळखीत एकीला फिट येते, बंद खोलीत एकटीनं काम असतं, असं काहीतरी गुळमुळीत बोलले. तिथल्या बाईंनी एक पानाचा अर्ज पुढे सरकवला. टेबलाखाली घंटा, आतून कडी नाही, शेजारच्या खोलीत एक माणूस हाकेच्या अंतरावर. बस्स, एवढंच! आठ दिवसांत झालं असतं, आणि नाव गुप्त राहिलं असतं. मग त्यांनी सहज विचारलं, तिचं स्वतःचं काय म्हणणं आहे? दोन वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून हे पत्र. नाव मी पुसलं हे सोमवारी समितीला सांगणारच आहे, त्यात तुझी परवानगी नको. माझं प्रमुखपद राहील की जाईल, देव जाणे. खरं सांगते, भीती वाटतेय. पण का पुसलं, हे ते विचारणारच. तुझ्या आजाराबद्दल सांगू की नको? नको म्हणालीस तर कारण माझ्याजवळच राहील, मग ते मला दुष्ट म्हणोत की वेडी. शब्द पाळायचा की मोडायचा, हे या वेळी तू ठरव. हे पत्र तुझ्या दाराखालून आत सरकवून जाईन, बेल वाजवायचा धीर नाही. सोमवारी नऊच्या आत फळ्यावर तुझ्या जागी हिरव्या पेनानं नुसतं हो किंवा नाही लिही. काहीच नसलं तर मी नाही समजेन. आणि जमलं तर खाली तुझी वेळही लिही. डस्टर मी घरी घेऊन आलेय.

अजून तसं म्हणू देणार असलीस तर,
तुझीच,
ताई