बदललेल्या फॉन्टला नाव देताना

बाबा, सोमवारपर्यंत मला एक नाव ठरवायचं आहे आणि ते ठरत नाही. तुमच्यामागे तुम्ही रंगवलेल्या पाट्यांपैकी दोनच उरल्या आहेत, एक सापगावच्या विहाराची, एक शहापुरातल्या बंद गिरणीची. त्यांचे फोटो काढून मी तुमची अक्षरं संगणकावर उतरवली. फार थोडी निघाली. फॉन्टला शेकडो लागतात. म्हणून एक मुक्त फॉन्ट घेतला. कुणीही बदलावा, वाटावा, अशी त्याच्या कर्त्याची परवानगी आहे. त्यात तुमची अक्षरं बसवली, बाकीची त्यांच्या वळणावर नेली. परवान्यात एक अट होती: बदल केलात तर मूळ नाव वापरू नका. इंटरनेटवर ठेवताना मी फक्त फाइलचं नाव बदललं, आतलं नाव तसंच राहिलं. मुरबाडच्या छपाईवाल्यांनी, शाळांनी फॉन्ट उतरवून घेतला. सगळ्यांना तो मूळ नावानेच दिसतो आणि माझी जोडाक्षरं तुटली की बोल मूळ कर्त्याला लागतात. त्याचं पत्र आलं आहे. सभ्य आहे. नाव बदला, नाहीतर मागे घ्या.

मी नववीत होते. दुसऱ्या एका पेंटरची पाटी आपल्याकडे उजळायला आली होती. मी अक्षरं गिरवली, कोपऱ्यातली त्याची सहीसुद्धा सुबक गिरवली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. तुम्ही रॉकेलचा बोळा माझ्या हातात देता.

“पूस ती सही.”

“त्याचीच पाटी ना, बाबा?”

“हात तुजा लागला ना गो? मंग वाकडं झालं तर शिव्या त्यानं खायच्या?”

मग पाटी उलटी करून मागच्या पत्र्यावर तुम्ही बारीक ब्रशने त्याचं नाव लिहिता. पहिला हात त्याचा, म्हणून. परवानाही हेच सांगतो: मूळ कर्त्याची नोंद आत राहू द्या, वर मिरवू नका. मला हे वाचून कळायची गरज नव्हती. तरी मी पुन्हा तीच चूक केली.

छपाईचं दुकान चालवणारी मैत्रीण फोनवर हसते. “बापाचं नाव दे की गो. इचार कसला करतेस?” मी विचार करते. ते नाव देऊन परवान्यात राखून ठेवलं नाही, तर उद्या कुणाचीही अक्षरं तुमच्या नावावर फिरतील. राखून ठेवलं, तर पुढे बदल करणाऱ्याला ते काढावंच लागेल. फॉन्ट मागे घेतला, तर तुमचं काहीच उरत नाही. तिन्ही वाटांनी तुम्ही जाता, आणि पाठवणारी मीच.

फॉन्टच्या नावाच्या चौकटीत तुमचं नाव लिहिते, खोडते. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. तुमचा ‘ळ’ मला कुठेच सापडला नाही. तो मी काढला आणि तुमचा म्हणून दाखवला. लोक म्हणतात, त्यातच तुमचा हात सगळ्यात जास्त दिसतो.